बाहेरच्या चुलीचं नेट

मखमलाबादला पाटाच्या कडेला सावळीराम विधात्यांचा मळा आहे. मळा तसा लहानच. मेथी, कोथिंबीर, पालक आणि कुणी मागितलाच तर शेपू. पण सावळीरामांनी बांधलेली जुडी बाजारात लांबून ओळखू येई. देठ सगळे एका रेषेत, आणि आत गवताची काडीसुद्धा नाही. माणूसही तसाच, नीटनेटका आणि गच्च बांधलेला. आवाज मात्र देवानं त्यांना हात आखडता घेऊनच दिला होता. लिलावात ते आपल्या मालामागं उभे राहून काहीतरी बोलत, आणि व्यापारी शेजारच्या माणसाला विचारी, "काय म्हनतो रे हा?" शेजारचा म्हणे, "काय नाय, होच म्हनतोय." असं करत त्यांचा जन्म गेला, आणि फारसा वाईट गेला नाही.

त्यांच्या आयुष्यात हट्ट म्हणावा असा एकच होता. रविवारचं मटण.

बायको ठमाबाई माळकरी. मुलगा महेश शाळेत जाऊ लागला त्या वर्षी तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि त्या दिवसापासून मटण घराबाहेर गेलं. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं सावळीरामांनी स्वतः एक चूल मांडली. तिचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, ताट वेगळं, काडेपेटीसुद्धा वेगळी. रविवारी ते स्वतः मसाला वाटत, स्वतः रस्सा करत, तिथंच दगडावर बसून जेवत. मग हात धुवायचे, चूळ भरायची, सदरा बदलायचा आणि वास जाईपर्यंत ओट्यावर वाऱ्याला बसायचं. खाण्यापेक्षा धुण्यातच जास्त वेळ जातो, असं त्यांना कधी कधी वाटे. पण यावरून नवराबायकोत कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. चुली दोन होत्या आणि संसार सुखात होता.

मग घरात नेट आलं.

महेश अंबडला कंपनीत कामाला. त्यानं पुढच्या खोलीत राउटर बसवला. ठमाबाईच्या खोलीत टीव्ही होता, त्याला एक डबी लावून दिली. ठमाबाई संध्याकाळी कीर्तन ऐकू लागली. सावळीरामांना महेशचा जुना फोन मिळाला आणि त्यावर त्यांना एक नवंच जग सापडलं. कुठल्या कुठल्या गावची माणसं मटण करून दाखवत होती! कोणी मडक्यात, कोणी जमिनीत खड्डा करून. सावळीराम आवाज बंद करून बघत. मटणाला आवाजाची गरज नसतेच.

एका एकादशीला ठमाबाईनं टीव्ही लावला, तर कीर्तनकार बुवांच्या शेजारच्या चौकटीत उकळता काळा रस्सा, वर तवंग, आणि त्यातून डोकावणारी नळी.

"अगं बया!" ती ओरडली. "हे माझ्या टीव्हीत कुठनं आलं?"

महेशनं समजावलं की आई, फोन आणि टीव्ही दोन्हीकडं माझंच खातं टाकलंय, म्हणून बाबा जे बघतात ते तुला सुचवतं. ठमाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"नेट येतं कुठनं?"

"त्या राउटरमधून."

"त्यांचं पन तिथनंच? आन माझं पन?"

"हो."

"मग असं सांग की. येकाच पातेल्यात दोनी शिजवतोयस. वर आन मलाच खातं शिकवतो."

यावर महेशकडं उत्तर होतं, पण ते देऊन उपयोग नव्हता. पुढच्या आठवड्यात ठमाबाईच्या खोलीत दुसरं कनेक्शन आलं, दुसरा राउटर आला. महेशनं टीव्हीवरचं आपलं खातं गुपचूप काढून टाकलं आणि वैतागून दोन्ही राउटरना नावं दिली. तिच्या राउटरचं नाव 'माळकरी'. पुढच्या खोलीतल्याचं 'बाहेरची चूल'. 'माळकरी'चा पासवर्ड फक्त ठमाबाईला ठाऊक. तिनं तो स्वतः सांगून महेशकडून टाकून घेतला होता आणि त्याला म्हणाली होती, "आता इसर." पुन्हा घरात शांतता झाली. नेटं दोन होती आणि संसार सुखात होता.

अडलं ते तेजस्विनीच्या कीर्तनाला.

तेजस्विनी म्हणजे महेशची मुलगी. कॉलेज करता करता ती एका बुवांकडं कीर्तन शिकली होती. लासलगावच्या अलीकडं ठमाबाईचं माहेर. तिचा भाऊ सोमनाथ तिथल्या सप्ताहाचं सगळं बघे. त्यानं बहिणीच्या नातीला पहिलं कीर्तन दिलं. पोरगी घरात धडाधड बोलायची, पण चार परकी माणसं दिसली की तिचा आवाज आजोबांवर जायचा. ती म्हणाली होती, "आजी, तू समोर बस. मी फक्त तुझ्याकडं बघून बोलते. तू नसशील तर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही."

"बसते की," ठमाबाई म्हणाली होती. "मी नाय बसनार तर कोन बसनार?"

आणि आठवड्यावर कीर्तन आलं असताना ती ओल्या मेथीच्या वाफ्यात घसरली. पाय प्लास्टरमध्ये गेला.

मग ठरलं की महेशनं मंडपातून व्हिडिओ कॉल लावायचा. तिथं तेजस्विनीला समोर आजी दिसेल, इथं आजीला तेजस्विनी. एकदा सुनेच्या फोनवर करूनही बघितलं. पण ठमाबाईला फोनवर सगळी माणसं मुंग्यांएवढी दिसत. ती फोन थेट नाकाला लावी.

"आजी, लांब धर ना!" तेजस्विनी तिकडून म्हणाली. "नाकपुडीकडं बघून कीर्तन कसं करू मी?"

म्हणून असं ठरलं की सावळीरामांचा फोन समोर डब्याला टेकवून ठेवायचा आणि त्याचं चित्र मोठ्या टीव्हीवर घ्यायचं. आजी टीव्हीकडं बघेल, फोन आजीकडं. महेशनं जाताना घाईघाईत बाबांना शिकवलं: इथं दाबायचं, टीव्हीचं नाव येईल, त्यावर दाबायचं. सावळीराम हो म्हणाले. मग महेश, सूनबाई प्रतिभा आणि पांढरीफटक पडलेली तेजस्विनी दुपारीच गाडीत बसून गेली.

सावळीरामांनी फोन काढला आणि सांगितलं तिथं दाबलं. फोननं बराच वेळ शोधलं. टीव्हीचं नाव काही येईना. टीव्ही समोर चार हातांवर होता. त्यांनी फोन त्याच्या अगदी जवळ नेला, मग मागं नेला, मग टीव्हीवर ठेवला. काही नाही.

"काय वळकत नाय का एकमेकांना?" ठमाबाईनं पलंगावरून विचारलं.

"नाय वाटतं."

त्यांनी ज्ञानेशला बोलावलं. ज्ञानेश म्हणजे दोन्ही कनेक्शनं बसवणारा माणूस. चाळिशीचा, पोट सुटलेला, आणि ठमाबाईला टरकून असलेला. तो आला, त्यानं फोन बघितला, टीव्ही बघितला आणि हसला.

"बाबा, फोन तुमचा 'बाहेरच्या चुली'वर. टीव्ही 'माळकरी'वर. दोन राउटर म्हणजे दोन घरं. फोन आपल्याच घरात हाका मारत फिरणार, टीव्ही त्या घरात नाहीच. दोघं एका राउटरवर पाहिजेत. आजी, पासवर्ड सांगा, बाबांचा फोन तुमच्यावर घेतो. पाच मिनिटांचं काम."

"नाय."

"मग टीव्ही तिकडं..."

"माझा टीव्ही? चुलीवर?" ठमाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की ज्ञानेशनं पुढचं वाक्य गिळलं. थोड्या वेळानं त्याला दुसरी युक्ती सुचली. "बरं, मग माझाच फोन घ्या तुमच्या नेटवर. महेशभाऊ माझ्यावर कॉल लावतील."

"तू खातोस का?"

"मटण नाही, आजी. आईशप्पथ. कधीतरी अंडं."

"अंड्याचा फोन पन नको."

सावळीराम दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "अगं, तेजू वाट बघंल." पण ते नेहमीप्रमाणं कुणाला ऐकू गेलं नाही.

ज्ञानेशनं पिशवीतून लांब पांढरी वायर काढली. "एक करता येईल. दोन्ही राउटर वायरनं जोडायचे."

"जोडल्यावर मधे काय जातं?" ठमाबाईनं विचारलं.

"तुमचं नेट तिकडं जाईल. इकडच्या साध्या भोकातून वायर काढायची, आणि तिकडं नेट येतं त्या भोकात घालायची."

ठमाबाईनं विचार केला. रविवारी भाकरी आतूनच बाहेरच्या चुलीवर जात असे. बाहेरून आत मात्र काही येत नसे. "आमचं तिकडं जाऊ दे," ती म्हणाली. "तिकडचं इकडं नको."

वायर ओट्यावरून, दारातून, चपलांच्या मधून पुढच्या खोलीत गेली. दिवे लुकलुकले. सावळीरामांनी फोन दाबला. फोननं शोधलं, शोधलं, आणि काही मिळालं नाही म्हणून सांगितलं.

"आसं कसं?" ठमाबाई म्हणाली. "जोडलं की आता."

ज्ञानेशनं डोकं खाजवलं. "जोडलं, पण घरं दोनच राहिली ना. नेट पोचतंय. पण शोधायची हाक उंबरा ओलांडत नाही. त्याला दुसऱ्या तऱ्हेनं जोडावं लागेल. दोन्हीकडं साध्याच भोकात वायर, आणि चुलीवाल्या राउटरचं फोन-टीव्हीला नंबर वाटायचं काम बंद करायचं. नंबर सगळ्यांना तुमचाच राउटर वाटणार. मग एक घर झालं."

"म्हंजे येकच चूल."

"आजी, चूल नाही हो, राउटर..."

"मी इचारते त्याचं उत्तर दे. तिकडचं सगळं इकडं येनार का नाय?"

ज्ञानेश स्वभावानं खोटं बोलणारा नव्हता. "येणार," तो म्हणाला.

"मग काढ वायर."

उन्हं कलली. कीर्तनाची वेळ जवळ यायला लागली. ज्ञानेश वायर गुंडाळून ओट्यावर चहा पीत बसला, कारण पैसे कसले मागायचे ते त्याला कळेना आणि उठून जायचा धीर होईना. महेशचा फोन आला. "बाबा, झालं का? तेजू सारखी विचारतेय. पाणीसुद्धा पीत नाहीये." सावळीराम म्हणाले, "होईल," आणि फोन ठेवून पलंगाजवळ आले.

ठमाबाई भिंतीकडं बघत होती. तिला काही कळत नव्हतं असं नाही. पोरगी तिकडं घाबरली असणार, हे तिला दिसत होतं. पण इतकी वर्षं पाळलेलं एका संध्याकाळी सोडायचं, आणि तेही कीर्तन ऐकण्यासाठी, हे तिच्या मनात बसेना. शेवटी ती म्हणाली, "फोन धुता येतो का हो?"

"पाण्यानं?"

"पाण्यानं कसा? आतनं. जे जे बघितलंय ते पुसता येतं का?"

ज्ञानेश ओट्यावरून धावत आला. "येतं की आजी! सगळं पुसता येतं!"

"मग मला दाखवा आधी काय काय बघितलंय. मग पुसा."

सावळीरामांचं तोंड उतरलं. पण सांगायचं तरी काय? त्यांनी फोन ज्ञानेशला दिला. ज्ञानेशनं खुर्ची ओढली, चष्मा लावला, आणि सत्यनारायणाची पोथी वाचावी तशा सुरात वाचायला लागला.

"काळं मटण, गावरान पद्धत. मटण, मडक्यातलं. मटण, लग्नातलं, शंभर माणसांचं."

"शंभर मानसांचं कशाला?" ठमाबाई म्हणाली. "दगडावर एकटं बसून खाता ना?"

"बघायला बरं वाटतं," सावळीराम पुटपुटले.

"सुकट चटणी. मालेगावचा बकरा बाजार. बोकड ओळखावा कसा. वजडी साफ करणे, भाग एक. भाग दोन."

"राम राम राम," ठमाबाईनं कान धरले. "वाच, वाच."

"पाया सूप. पाया सूप, दुसरी पद्धत. पाया सूप, डॉक्टरांनी सांगितलेलं." ज्ञानेश थबकला. "पाय्याचंच चाललंय आजी, गेला आठवडाभर. आणि त्याच्याआधी बाबांनी बोलून काहीतरी विचारलंय."

"काय इचारलंय?"

"'म्हाताऱ्या बाईचं पायाचं हाड लवकर जुळायला काय द्यावं.'"

बाहेर पाटावर कोणाची तरी म्हैस ओरडली.

"उत्तर पायाच आलं," सावळीराम म्हणाले, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मी काय करू? मी धा वेळा इचारलं. दर वेळी पायाच येतो. म्हटलं बघून तरी ठेवावं. तुला देनार नव्हतो."

ठमाबाईनं पदरानं नाक पुसलं. मग ती ज्ञानेशला म्हणाली, "तू जरा ओट्यावर जा."

ज्ञानेश गेला. तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं आणि कानात पासवर्ड सांगितला. सावळीरामांना तो टाकायला बराच वेळ लागला, कारण एकीकडं ठमाबाई विचारत होती, "पुसलं ना सगळं? वजडी पुसली? भाग दोन पन?" फोनवर 'माळकरी' असं नाव उमटलं. त्यांनी दाबलं. टीव्हीचं नाव आलं. त्यावर दाबलं, आणि टीव्हीवर फोनचं चित्र उघडलं: सावळीरामांचा रविवारचा ताटासकट फोटो, जो पुसायचा कोणाच्याच ध्यानात राहिला नव्हता. तो लगेच गेला, कारण तेवढ्यात महेशचा कॉल आला.

मंडप दिसला. दिवे, माणसं, टाळकरी, पेटी. मधे फेटा बांधलेली तेजस्विनी, डोळे मोठे, ओठ कोरडे. सोमनाथमामा पुढं आला. "ताई, दिसतंय का? पोरीला आशीर्वादाचे दोन शब्द बोल." आणि मंडपाला ऐकू जावं म्हणून त्यानं महेशचा फोन घडवंचीवर माइकच्या शेजारी टेकवून ठेवला.

"सुखी रहा, मोठी हो," ठमाबाई म्हणाली. भोंग्यातून आवाज घुमला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमनाथ जागेवर जाऊन बसला, आणि फोन होता तिथंच राहिला.

तेजस्विनीनं सुरुवात केली. आवाज बारीक. ती इतकी भरभर बोलत होती की जणू पाठीमागं कुत्रं लागलंय.

"घाई करती," ठमाबाई सावळीरामांना म्हणाली. "आन तो पखवाजवाला बघा. पेंगतोय."

टीव्हीतला पखवाजवाला ताठ बसला.

"आता बसला नीट. ही पुढची निळ्या लुगड्याची कोन? कीर्तनात शेंगा खाती."

टीव्हीत निळ्या लुगड्याच्या बाईनं शेंगा पदराखाली घातल्या. सगळा मंडप तिच्याकडं बघत होता. सावळीराम ठमाबाईकडं झुकले.

"अगं," ते म्हणाले, "तिकडं ऐकू जातंय."

"काय म्हनता? मोठ्यानं बोला. तुमच्या तोंडात मेली मटनाची नळी आडकल्यावानी कायम. तरी बरं, आज त्याच मटनाच्या फोनवर नातीचं कीर्तन बघतेय. पुसून घेतला म्हनून, नायतर आशा बाटलेल्या फोनला मी दारात..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण मंडप हसत सुटला होता. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं गुडघ्यावर थापा मारत होती. सासुरवाडीला अख्ख्या गावात कळलं की जावई काय खातो. सोमनाथनं उपरण्यात तोंड लपवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. ठमाबाईनं टीव्हीकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, "सगळं?"

"सगळं," सावळीराम म्हणाले. "शेंगांपासून."

मंडपाच्या मधोमध तेजस्विनी उभी होती. आता ही रडणार, असं सावळीरामांना वाटलं. पण ती हसत होती. ती फोनसमोर वाकली, कमरेवर हात ठेवला आणि घरात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "आजी, झालं का तुझं कीर्तन? मी करू का आता माझं?"

ठमाबाई पलंगावरून म्हणाली, "कर बाई. तुला कोन आडवलंय? फकस्त घाई करू नको."

पुन्हा मंडप हसला, तेजस्विनीही हसली, आणि त्या हसण्यातच तिचा घसा मोकळा झाला. तिनं सावकाश पहिल्यापासून सुरुवात केली. टाळकरी तिच्या मागं आले, पखवाजवाला जागा होताच. माणसं आधीच जवळ आली होती, त्यांना आता ओढायची गरज नव्हती. ती बोलता बोलता एकदाही फोनकडं बघायची थांबली नाही, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला ठमाबाई तोंडावर पदर दाबून बसली होती, चुकूनही शब्द सुटू नये म्हणून. शेवटी शेवटी ज्ञानेशही आत येऊन दाराशी मांडी घालून बसला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याला कोणी बाहेर घालवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथचा फोन आला. सावळीरामांनी घाबरतच उचलला. आता मटणावरून जावयाचा उद्धार होणार.

"दाजी," सोमनाथ म्हणाला, "शेजारच्या गावच्या सप्ताहवाल्यांनी तेजूला बोलावलंय. शनिवारी. पण त्यांची एक अट हाय."

"काय?"

"ताईला फोनवर ठेवायचं म्हनत्यात."

सावळीरामांनी हे ठमाबाईला सांगितलं. तिनं प्लास्टरमधला पाय जरा सरकवून घेतला. हसू येत होतं, ते तिनं दाबून धरलं होतं.

"शनिवारी ना? मग फोन राहू द्या माझ्याच नेटावर."

"आन रविवारी?" सावळीरामांनी विचारलं.

"रविवारी सकाळी उठल्याबरूबर काढायचा. तुम्ही तुमच्या चुलीवर, तो त्याच्या चुलीवर." तिनं थोडा विचार केला. "सोमवारी त्याला पुसायचं, तुम्ही आंघोळ करायची, मग दोघांनी आत यायचं."

"बरं," सावळीराम म्हणाले.

"काय म्हनता?"

"होच म्हनतोय," ते मोठ्यानं म्हणाले.